चेहऱ्याचा फोटो काढण्याआधी सावली बघा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराला मधोमध चौक आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, त्या चौकात मी मोठ्या आईला खुर्चीवर बसवलं आणि नव्या कॅमेऱ्याने तिचे चाळीसेक फोटो काढले. "काहाले काढून राहिला रे बाप्पा माहा फोटो," असं म्हणत ती बसली आणि तसल्या उन्हातही जागची हलली नाही. संध्याकाळी फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडले. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ आणि गालाची हाडं पांढरीफटक. ऐंशीच्या घरातली, अजूनही रोज सकाळी स्वतः अंगण झाडणारी मोठी आई त्या फोटोंत महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखी दिसत होती.

कॅमेरा चांगला होता. फोकस बरोबर डोळ्यांवर होता. बिघडली होती ती उजेडाची दिशा. म्हणून कोणी विचारलं की फोटोग्राफी शिकायची आहे, कोणता कॅमेरा घेऊ, तर माझं सांगणं एकच असतं: आहे तो फोन राहू द्या आणि पहिले पंधरा दिवस माणसांच्या चेहऱ्यावर सावली कुठे पडते तेवढंच बघा. बसमध्ये बघा, चहाच्या टपरीवर बघा, घरी स्वयंपाकघरात बघा. चेहऱ्याचा फोटो म्हणजे त्या सावलीचाच फोटो असतो.

सावली माणसाएवढी झाली की

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यात, भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. उभ्या काठीची सावली तेव्हा तिच्या बुडाशीच गोळा होते. आता काठीच्या जागी चेहरा ठेवून बघा. भुवयांचं हाड डोळ्यांवर छपरासारखं पुढे आलेलं असतं, नाक ओठांवर छज्जा धरतं, हनुवटी गळ्यावर. उजेड सरळ वरून आला की या तिन्ही छपरांची सावली नेमकी तिथे पडते जिथे आपल्याला माणूस दिसायला हवा असतो. मी मोठ्या आईला बसवलं ते नेमकं त्याच आठवड्यात.

डिसेंबरच्या शेवटी हाच चौक, हीच वेळ घ्या. तेव्हा नागपुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. तेवढ्या कोनातून येणारा उजेड भुवयांच्या खाली शिरतो, डोळ्यांत चमक आणतो आणि नाकाची सावली लांब न जाता गालाच्या बाजूला पडते. चित्रकारांना हे फार आधीपासून माहीत होतं. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रां या डच चित्रकाराच्या अनेक व्यक्तिचित्रांत चेहऱ्याची एक बाजू उजळ असते आणि दुसऱ्या, अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण असतो. फोटोग्राफर आजही त्या प्रकाशयोजनेला त्याच्याच नावाने ओळखतात. उजेड थोडा वरून आणि थोडा बाजूने आला की तो त्रिकोण आपोआप तयार होतो.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. जमिनीवर स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. आखूड असेल तर उन्हातला फोटो टाळा, लांब असेल तर खुशाल काढा. मे महिन्याच्या शेवटी ही माणसाएवढी सावली सकाळी नवाच्या सुमाराला आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला मिळते, आणि मधल्या वेळेत उन्हात काढलेला चेहरा बिघडणारच असं धरून चला. तसंही त्या वेळी नागपुरात शेला गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवसभर कधीही बाहेर पडा. आपल्याकडे फोटोचा खरा हंगाम तोच आहे.

कडक उजेड, मऊ उजेड

दिशेनंतर दुसरी गोष्ट म्हणजे उजेडाचा पोत. उजेड जिथून येतो ती जागा चेहऱ्याच्या तुलनेत लहान असेल तर सावलीची कड धारदार होते. जागा मोठी असेल तर सावलीची कड विरघळते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटर लांब आहे, म्हणून आपल्याला तो दोन-अडीच मीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढाच दिसतो. इतक्या लहान ठिकाणाहून येणारं ऊन कडकच असणार. सुरकुती सुरी मारल्यासारखी दिसते, घाम चमकतो. ढग आले की तेच ऊन अख्ख्या आभाळभर पसरतं आणि तेच आभाळ तुमचा दिवा होतं. ऑगस्टमधल्या ढगाळ दुपारी काढलेले चेहरे सुंदर येतात ते याच कारणाने.

घरात हे काम खिडकी करते. जिच्यातून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी शोधा. उत्तरेची असेल तर उत्तम, कारण नागपुरात वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो आणि उत्तरेच्या खिडकीतून फक्त आभाळाचा स्थिर उजेड येतो. जुन्या काळचे स्टुडिओ आणि चित्रकार उत्तरेचा उजेड धरून बसायचे ते त्यासाठीच. माणसाला खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसवा. पाठ खिडकीकडे नको, तोंड सरळ खिडकीकडेही नको, किंचित तिरकं. आणि खोलीतली ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद करा. नवशिके नेमके इथे अडखळतात. अंधार वाटला की हात आधी बटणाकडे जातो. पण पिवळ्या बल्बचा आणि खिडकीच्या निळसर उजेडाचा रंग वेगळा असतो. एक गाल पिवळा आणि एक निळा झाला की मग कोणतंही ॲप तो धड दुरुस्त करू शकत नाही.

वाडा किंवा जुनं घर असेल तर खिडकीपेक्षाही चांगली जागा आहे: चौकाच्या कडेची छपरी. वर छप्पर, समोर मोकळं आभाळ. वरचा उजेड छप्पर अडवतं आणि आभाळाचा उजेड समोरून थेट डोळ्यांत येतो. माणसाला छपरीच्या अगदी कडेला, पण सावलीतच उभं करा. एक पाऊल पुढे गेलं तर डोक्यावर ऊन, दोन पावलं मागे गेलं तर चेहरा काळवंडतो. ती एक-दोन फुटांची पट्टी शोधायला शिकलात की भर मे महिन्यातही फोटो काढता येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हीच पट्टी पार्किंगच्या तोंडाशी, दुकानाच्या शटरखाली, जिन्याच्या दाराशी मिळेल.

अंधाऱ्या गालाला उजेड द्यायचा तर दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायला कोणाला तरी उभं करा, किंवा खुर्चीवर पांढरं धोतर टाका. रिफ्लेक्टर म्हणून जे विकतात ते हेच काम करतं. रंगीत कापड मात्र नको, कारण कापडाचा रंग चेहऱ्यावर चढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बाल्कनीला हिरवी नेट लावतात, तिच्याखाली काढलेले चेहरे कावीळ झाल्यासारखे हिरवट येतात ते त्यामुळेच. महाराजबागेतल्या दाट झाडाखालीही तोच त्रास, वर कवडसे वेगळे. नाकावर एक कवडसा, कपाळावर दुसरा. झाडाखाली फोटो काढायचा तर आधी माणसाच्या चेहऱ्यावर एकही कवडसा नाही याची खात्री करा, किंवा झाडाच्या सावलीची कड जिथे संपते तिथे त्याला तोंड बाहेर करून उभं करा.

आणि फुटाळा तलाव. तिथे सगळ्यांना मावळता सूर्य पाठीशी घेऊनच फोटो हवा असतो, आणि सगळ्यांचेच चेहरे काळे येतात. उलटे उभे राहा. सूर्याकडे तोंड, तलावाकडे तोंड. मागे मग रस्ता येईल, माणसं येतील, पण ती धूसर करता येतात. सूर्य मावळला की तिथून निघू नका. नंतरची दहा-पंधरा मिनिटं आभाळ अजून उजळ असतं, सावल्या जवळपास नाहीशा होतात, आणि तेव्हा तलाव पाठीशी घेऊनही चेहरा नीट येतो. डिसेंबरात त्यासाठी साडेपाचलाच पोहोचलेलं बरं, मे महिन्याच्या शेवटी पावणेसातपर्यंत वेळ असतो.

नाक मोठं का येतं

मोठ्या आईचे दुसऱ्या खेपेचे फोटो मी डिसेंबरात छपरीच्या कडेला फोनवर काढले. उजेड सुरेख होता. पण नाक भलं मोठं आणि कान जणू डोक्यामागे पळालेले. मी लेन्सला दोष देत होतो. खरं कारण अंतराचं आहे.

नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४२ सेंटीमीटरवर. म्हणजे कान नाकापेक्षा ४० टक्के लांब, आणि त्यामुळे जवळपास ३० टक्के बारीक दिसणार. आता दीड मीटरवर मागे या. नाक १५०, कान १६२. फरक फक्त ८ टक्के. तोच माणूस, तीच लेन्स, पण चेहरा आता जसा आहे तसा दिसतो. सेल्फीत आपण स्वतःलाच ओळखीचे वाटत नाही ते याच हिशेबामुळे.

म्हणून पहिला नियम: चेहऱ्याचा फोटो दीड मीटरच्या आतून काढू नका. फोनवर २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर मागे सरका आणि नंतर कापा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी अर्धी केली तरी ३० लाख पिक्सेल उरतात, आणि ४ बाय ६ इंचाची चांगली प्रिंट काढायला २२ लाखांच्या आत भागतं. कॅमेरा असेल तर ५० एमएम एफ १.८ ही छोटी लेन्स घ्या. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, लहान असल्यामुळे ती ७५ ते ८० एमएमच्या लेन्ससारखी वागते, आणि चेहऱ्यासाठी तशी लेन्स अगदी योग्य पडते.

फोनमधला पोर्ट्रेट मोड मागचं दृश्य धूसर करतो तो लेन्सने नव्हे, हिशेबाने. चेहरा कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं हे तो अंदाजाने ठरवतो. वाऱ्यावर उडणारे केस, चष्म्याची काडी, लोंबते झुमके इथे तो चुकतो आणि अर्धा झुमका पुसून टाकतो. धूसरपणाचा आकडा कमी ठेवा, आणि माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा. मागचं दृश्य जितकं लांब तितकं ते आपोआप मऊ होतं, फोन असो की कॅमेरा.

तीन आकडे आणि एक करडा रंग

कॅमेऱ्यात उजेड ठरवणारे तीन आकडे असतात. लेन्सचं भोक किती उघडं आहे तो एफचा आकडा, पडदा किती वेळ उघडा राहतो तो शटर स्पीड, आणि सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आयएसओ. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे उलटं आहे आणि ते पाठच करावं लागतं.

माणूस बसलेला असेल तर शटर १/१२५ सेकंद पुरे. लहान मुलांना १/५००. हे मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शिकलो. भाचा डोक्यावर फेटा, कपाळाला टिळा, हातात दोरी आणि दोरीला चाकांचा लाकडी बैल, असा गल्लीभर धावत होता. ढगाळ संध्याकाळ होती आणि मी आयएसओ वाढवायला घाबरलो, कारण फोटो दाणेदार होतो असं वाचलं होतं. शटर १/३० वर राहिलं. बैलाची शिंगं स्वच्छ आली, भाच्याचा चेहरा पुसटसा. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. आयएसओ १६००, ३२०० करा आणि निर्धास्त राहा.

एफ १.८ चा मोहही सुरुवातीला आवरा. लहान सेन्सरवर ५० एमएम लेन्सने एक मीटरवरून एफ १.८ ला काढलं तर जेमतेम अडीच सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. मान जरा तिरकी असेल तर जवळचा डोळा धारदार आणि लांबचा धूसर. दीड-दोन मीटरवरून एफ २.८ किंवा ४ ठेवा. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर.

आता ती करड्या रंगाची गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर शेकडो फोटो वाचले असते. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड ठरवतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पांढरी साडी नेसून आलेल्या एका आजींचा, त्यांना विचारून, मी फोटो काढला. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग पांढरा होता. कॅमेऱ्याला वाटलं उजेड फारच झाला, त्याने सगळं दाबलं. साडी मळकी करडी आली आणि आजींचा चेहरा काळोखात गेला. उलट, हायकोर्टात वकिली करणाऱ्या मित्राचा काळ्या कोटातला फोटो काढताना कॅमेऱ्याने उजेड वाढवला आणि त्याचं कपाळ जळालं. उपाय सोपा आहे. पांढरे कपडे असतील तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, एक पायरी वर, काळे असतील तर एक पायरी खाली. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी जे सूर्याचं चिन्ह येतं ते वरखाली सरकवून चेहरा नीट दिसेपर्यंत जुळवा. कपडे थोडे बिघडले तरी चालतील.

समोरचा माणूस

तंत्र जमलं तरी माणूस ताठ बसला तर फोटो ताठ. "स्माइल" म्हणू नका. त्यावर जे हसू येतं ते फक्त ओठांचं असतं. बोलत राहा. मोठ्या आईला मी विचारलं की लग्नाच्या आधी हे घर तिने पाहिलं होतं का. ती सांगायला लागली आणि कॅमेरा विसरली. माणूस बोलत असताना तोंड वेडंवाकडं येतं, म्हणून वाक्य संपण्याची वाट बघायची. वाक्य संपलं की क्षणभर चेहरा त्या आठवणीत थांबतो. तो क्षण.

बाकी बारीकसारीक: खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. मान किंचित पुढे आणि हनुवटी किंचित खाली, म्हणजे दुहेरी हनुवटी जाते. समोरच्याला हे विचित्र वाटतं, फोटोत दिसत नाही. हात रिकामे ठेवू नका. कपबशी, पदराचं टोक, सुपारीचा अडकित्ता, जे रोज हातात असतं ते असू द्या. डोळे मिटणाऱ्याला आधी डोळे मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर काड्या कानावर अगदी जराशा वर उचला. काच खाली झुकते आणि चमक जाते. मोठ्या आईच्या जाड काचांवर हा उपाय एका मिनिटात लागू पडला.

आणि परवानगी. ओळखीचा असो की रस्त्यावरचा, विचारल्याशिवाय कोणाचा चेहरा जवळून घेऊ नका. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना मी आधी विचारतो, नंतर प्रिंट नेऊन देतो. नाही म्हणाल्या तर तोंडलं-वांगी घेऊन घरी येतो.

एडिटिंग: थोडंच, आणि क्रमाने

एडिटिंगसाठी स्नॅपसीड किंवा लाइटरूमचं मोबाइल ॲप पुरेसं आहे. जमेल तर फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. नेहमीच्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. अंधारातला गाल उजळवताना या जास्तीच्या पायऱ्या कामी येतात. जेपीईजीत तिथे डाग आणि पट्टे पडतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कापाकापी, म्हणजे चौकटीच्या कडेला आलेला कोणाचा तरी कोपर, कूलरचा कोपरा, वायर हे सगळं बाहेर. सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा यांच्या मधल्या भागात कापा. मग रंग. व्हाइट बॅलन्सच्या दोन पट्ट्या असतात: एक निळा-पिवळा ठरवते, दुसरी हिरवा-गुलाबी. फोटोत जे खरोखर पांढरं आहे, साडीचा काठ, उपरणं, भिंतीचा चुना, ते पांढरं दिसेपर्यंत या पट्ट्या हलवा. हिरव्या नेटखालचा फोटो असेल तर दुसरी पट्टी गुलाबीकडे न्या. रंग बसला की मग उजेड. हायलाइट खाली आणा म्हणजे कपाळाची चकाकी कमी होते, शॅडो थोडी वर आणा म्हणजे डोळे उघडतात. थोडीच. शॅडो पूर्ण उचलली की डिसेंबरचा तो सुंदर तिरका उजेड सपाट होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

त्वचेबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. फोनमध्ये ब्युटी मोड असतो आणि अनेक फोनमध्ये तो न विचारता चालू असतो. तो चेहरा गोरा करतो, गाल मेणाचे करतो, हनुवटी निमुळती करतो. कॅमेरा हातात घेतल्या घेतल्या तो बंद करा. विदर्भाच्या उन्हात तापलेला सावळा रंग हा चुकलेला एक्स्पोजर नाही. चेहरा अंधारात गेला असेल तर तो उजेडात आणा, खऱ्या रंगापर्यंत, आणि तिथे थांबा. फोटो माणसाच्या हाताशेजारी धरून बघा. हाताचा रंग आणि चेहऱ्याचा रंग जुळत नसेल तर तुम्ही पुढे गेलात.

डाग काढायचे की ठेवायचे याला एक सोपी कसोटी आहे. पंधरा दिवसांनी जे आपोआप जाणार आहे ते काढायला हरकत नाही: पुटकुळी, डास चावल्याची गांधी, गालाला लागलेली हळद. जे राहणार आहे ते राहू द्या. ही कसोटी मी चुकून शिकलो. मोठ्या आईचा छपरीतला फोटो अखेर सुरेख आला, तेव्हा मी उत्साहात त्वचा मऊ करण्याची पट्टी अर्ध्यापर्यंत ओढली आणि फोनवर तिला दाखवला. तिने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "माहं गोंदण कुठी गेलं?"

तिच्या कपाळावर तीन ठिपके आहेत, लहानपणी आईने गोंदवलेले. आता ते काळेही राहिले नाहीत, हिरवट-निळे झालेत, आणि सुरकुत्यांमुळे एक ठिपका जरा लांबट झालाय. ॲपला ते डाग वाटले. सुरकुत्यांबरोबर त्याने तेही पुसले होते. मला आयुष्यभर रोज दिसणारी गोष्ट गेलेली मला कळलीही नव्हती.

त्या रात्री मी मूळ फाइलवरून पुन्हा सुरुवात केली. स्पष्टता वाढवणारी पट्टी फक्त डोळ्यांवर आणि कपाळावर थोडी फिरवली, तीही ब्रशने, अख्ख्या चेहऱ्यावर नाही. बाकी त्वचा जशीच्या तशी. फोन बाजूला ठेवला आणि सकाळी पुन्हा पाहिला. ही सवय लावून घ्या. रात्री केलेली एडिटिंग सकाळी नेहमी जास्त झालेली वाटते, आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असेल तर फोटो प्रिंटमध्ये अंधारा येतो. उजेडाची पट्टी मध्यावर ठेवून काम करा.

प्रिंट मात्र नक्की काढा. फोटो लॅबमध्ये सांगा की रंग दुरुस्त करू नका, आहे तसा छापा, नाहीतर त्यांचं यंत्र पुन्हा आपल्या मनाने चेहरा उजळवतं. आधी ४ बाय ६ ची एक छापून घ्या, घरी उजेडात बघा, अंधारी वाटली तर एक्स्पोजर थोडं वाढवा, मगच मोठी काढा. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि बोटांचे ठसे राहतात, आणि घरातला चेहऱ्याचा फोटो हातात घेऊनच पाहिला जातो.

मोठ्या आईने तिची प्रिंट देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. आल्यागेल्याला दाखवताना ती आधी कपाळावर बोट ठेवते, तीन ठिपके मोजून दाखवते, आणि मग म्हणते, पोट्ट्यानं काढला.